लघु माहितीपट : थोड्या वेळात खरी गोष्ट



हिंदीत ज्याला वृत्तचित्र म्हणतात, त्याला मराठीत माहितीपट हा शब्द आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाल्याने पहिला शब्द मला जास्त सवयीचा. पण अर्थ एकच. माहितीपटात नट नसतात, रचलेली कथा नसते. खरी माणसे, त्यांची जागा आणि त्यांचे काम असते. ऑस्कर पुरस्कारांत ४० मिनिटांपर्यंतच्या माहितीपटांचा वेगळा विभाग आहे. एवढ्या वेळात काय सांगता येते, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

नेदरलँडचे दिग्दर्शक बर्ट हान्स्ट्रा यांनी १९५८ साली ‘ग्लास’ हा सुमारे ११ मिनिटांचा माहितीपट केला. त्यात निवेदन नाही, फक्त संगीत आणि आवाज. काचकामगार लांब नळीतून फुंकर घालतात, गाल फुगतात आणि तापलेली काच आकार घेते. मग यंत्र दिसते. ते भराभर बाटल्या काढते. एका बाटलीची मान तुटते, ती पट्ट्यावर अडकते आणि मागच्या बाटल्या तिच्यावर येऊन आदळत फुटतात. शेवटी माणसालाच हात घालावा लागतो. हात आणि यंत्र यांविषयी कुणी भाषण करत नाही, तरी पाहणाऱ्याला सर्व समजते. या पटाला १९६० साली ऑस्कर मिळाले.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. मेगन मायलन या अमेरिकन दिग्दर्शिकेचा ‘स्माइल पिंकी’ हा ३९ मिनिटांचा पट. मिर्झापूर जिल्ह्यातली एक लहान मुलगी दुभंगलेल्या ओठामुळे इतर मुलांत वेगळी पडते. गावोगाव फिरून अशी मुले शोधणारा समाजसेवक तिच्या घरी पोहोचतो आणि वाराणसीला तिच्यावर मोफत शस्त्रक्रिया होते. यालाही २००९ साली ऑस्कर मिळाले. आकडेवारी ऐकून आपण विसरतो, पण आरशात पाहणारी ती मुलगी विसरत नाही.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे. विषय लहान निवडला आणि तो नीट पाहिला. मोबाईलवर सारेच चित्रण करतात, पण चित्रण म्हणजे माहितीपट नव्हे. पहिल्या दिवशी कॅमेरा न नेता जावे, बसावे, ऐकावे. ज्याचे चित्रण करायचे त्याची परवानगी घ्यावी; त्याने नको म्हटले तर थांबावे. तासाभराच्या चित्रणातून दहाच मिनिटे ठेवावीत. कापणे हेच कठीण काम आहे. तयार झाल्यावर तो पट आधी त्याच माणसाला दाखवावा. त्याचा मान राखला गेला की नाही, हे तोच सांगू शकतो.

आपल्या इंदुरात असा विषय दारातच आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा मोठा भाग मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी कामगार हे जग सोडून गेले होते. भोंगा थांबला, पगार थांबला, झांकी मात्र थांबली नाही. का? याचे उत्तर पुस्तकात नाही, त्या वृद्ध कामगारांजवळ आहे. आणि ते फार दिवस आपली वाट पाहू शकणार नाहीत.

म्हणून इयत्ता आठवी-नववीच्या मुलांनी यंदा एका झांकीवर दहा मिनिटांचा पट करावा, असा विचार आहे. शाळेत मोबाईलला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तरी शिक्षकांच्या देखरेखीखाली एवढ्या कामापुरती सूट द्यावी, अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे. ज्या पालकांच्या घरी मिलमध्ये काम केलेले आजोबा-काका असतील, त्यांनी कार्यालयात नाव कळवावे. मुले आधी नुसती भेटायला येतील.