माळ्यावरचं मखर

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात रहिमतपुरात कुणाकडं पाहुणं म्हणून जाऊ नये. बसायला काही नसतं. वाकळा, सतरंज्या, चादरी, पडदे, झाडून सगळं धुण्याला निघालेलं असतं. पूर्वी हे ओझं बैलगाडीत घालून कमंडलू नदीवर न्यायचे. आता बहुतेक घरांत ते मोटारीच्या पाण्याखाली अंगणातच उरकतात. दिवाळीची आवराआवरी खरी सुरू होते ती इथून. गेल्या वर्षी आमच्या माहेरी ती जरा जास्तच लांबली. धाकट्या भावाच्या बायकोला शिलाई मशीन मांडायला मधली खोली हवी होती, आणि त्या खोलीवर माळा होता.

भाऊ वर चढला, मी शिडीवर, काकी खाली खुर्ची टाकून. "एकेक दावत जा. माझ्या अपरोक्ष काय बी बाहेर जायचं न्हाई," असं तिनं आधीच बजावलं होतं. पहिल्या तासात निघालं ते असं: तांब्याचा बंब, दोन कंदील, पत्र्याची ट्रंक, तुटक्या पाळण्याच्या कड्या, मिक्सरचं रिकामं खोकं, त्यात दुसऱ्या मिक्सरचं रिकामं खोकं, कॅसेटींची पिशवी, मागच्या बाजूला कुबड आलेला जुना टीव्ही, आणि गणपतीचं थर्मोकोलचं मखर.

बंबाचं काय करायचं यावर कुणाला प्रश्न पडला नाही. तांब्या-पितळेला आपल्याकडं जायला वाट आहे. मोडीच्या भावानं वजन होतं, कासार किंवा भांड्याचा दुकानदार तेवढे पैसे नव्या भांड्यात वळते करून घेतो आणि जुना धातू पुन्हा आटवला जातो. कपड्यांनाही वाट होती. बोहारीण दारात बसायची, जरीचं लुगडं उजेडात धरून बघायची आणि एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस चालायची. जे तिनं नाकारलं ते वाकळेत जायचं. जुनेराचे थरावर थर, वरून मऊ झालेलं नऊवारी, कडेनं आत आत येत जाणारा धावदोरा. वाकळ विरली की तिचं पायपुसणं, पायपुसणं विरलं की चुलीपुढची चिंधी. वस्तू घरातून एकदम जातच नसे; पायरी पायरीनं उतरायची.

म्हणून हल्लीच्या आवराआवरीच्या पुस्तकांशी माझं थोडं वाकडं आहे. जपानच्या मारी कोंडो यांचं पुस्तक २०११ साली आलं आणि जगभर खपलं. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद होतो का ते पाहायचं, होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. सल्ला चांगला आहे. पण निरोप घेऊन ती वस्तू जाते कुठं? आपल्याकडं माळे भरले ते माणसं जास्त मायाळू झाली म्हणून नव्हे. घरात येणाऱ्या वस्तू बदलल्या, आणि त्यांना बाहेर जायच्या वाटा तयार झाल्याच नाहीत.

थर्मोकोलचं मखर हा त्याचा नमुना. महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्मोकोलबंदी आली २०१८ साली. मखर त्याच्या आधीचं. बंदी आल्यावर ते वापरता येईना, भंगारवाला घेईना, जाळलं तर विषारी धूर, ओढ्यात टाकलं तर पुढच्या पुलाला अडकणार. मग ते वर गेलं. टीव्हीचंही तेच. त्या जुन्या काचेच्या नळीत शिसं असतं. भंगारवाल्याला आतली तांब्याची गुंडाळी तेवढी हवी असते, उरलेलं तो कुठंतरी फोडून टाकतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग आधीच पाडले होते. कागदावर वाट आहे म्हणायची. पण काकीच्या दारातून ती दिसत नाही. तिच्या दारात येते ती घंटागाडी, आणि घंटागाडीवरच्या पोरानं टीव्ही बघून हात जोडले.

दुपारी ट्रंक उघडली. वर लग्नपत्रिका, खाली पावत्या, तळाला फडक्यात बांधलेले मोडी लिपीतले चार कागद. भाऊ म्हणाला, रद्दीत घाल. मी शिडीवरून खाली उतरले ती याच कागदांसाठी.

साताऱ्याच्या मुलखात तरी कागदाला रद्दी म्हणताना जीभ चाचरायला हवी. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यातली पानिपताच्या काळातली पत्रं इथून जवळच, वाईत सापडली होती. पुढं असे २२ खंड झाले. राजवाडे गावोगाव हिंडायचे ते अशाच दप्तरांसाठी; घरच्यांच्या लेखी ती वाळवीची धन होती. हे फार जुनं झालं म्हणाल, तर २०२३ सालचं घ्या. कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आजोबा-पणजोबांच्या नावाचा एखादा उतारा मिळतो का म्हणून लोकांनी ट्रंका उपसल्या. आदल्या दिवाळीत ज्यांनी 'पसारा' काढून टाकला होता, त्यांचे चेहरे मी पाहिलेले आहेत. आमच्या चार कागदांचे मोबाइलवर फोटो काढले, कागद सुती फडक्यात पुन्हा बांधले. त्यात काय आहे ते अजून वाचून घ्यायचंय.

म्हणजे सगळंच ठेवायचं का? तसंही नाही. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा लोकांच्या घरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह शासनाच्या हवाली केला. पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय ते हेच. एकट्या माणसानं हे केलं म्हणून बाकीच्यांना आपापले अडकित्ते निश्चिंतपणे मोडीत घालता आले, असं मला कधी कधी वाटतं. गावालाही स्वतःची अडगळ असते. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या मशिदीजवळ आमच्याकडं तो उंच बुरूज उभा आहे, 'हत्तीची मोट' म्हणतात त्याला. एका अंगानं चढण, वर पाणी ओढायचं आणि त्या उंचीच्या जोरावर कारंजी उडवायची. कारंजी कधीच थांबली. बुरूज काही कुणी काढला नाही, आणि काढूही नये.

पितळेच्या भांड्यांपाशी काकी अडली. मोठ्या परातीवर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं, 'मामाकडून भेट' आणि खाली तारीख. दुकानदारानं भाव सांगितला तशी ती म्हणाली, "ह्या भावानं न्हाई द्यायची." माणसाच्या या स्वभावावर काह्नेमन, नेट्श आणि थेलर यांनी १९९० साली कपांचे प्रयोग छापले होते. ज्याच्या हातात कप दिला त्यानं तो विकायला जी किंमत मागितली, ती विकत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. आपलं झालं की मोल वाढतं. मी हे काकीला समजावून सांगत होते, तेवढ्यात शेजारची सून लग्नाच्या पिठासाठी परात मागायला आली. काकीनं परात उचलून तिच्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. आमच्याकडं आता कोण मळतंय एवढी कणीक." दुप्पट सोडा, फुकट. त्या प्रयोगात शेजारीण नव्हती.

लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू लागलं. रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला बाहेर काढायची प्रथा व्रताच्या जुन्या ग्रंथांतही नोंदलेली आहे. काकी ते पाडव्याच्या पहाटे करते. दिवस उगवायच्या आत मागच्या खोलीपासून उंबऱ्यापर्यंत झाडत आली, केर सुपात भरला, वर जुनी केरसुणी ठेवली, पणती लावली आणि 'इडापिडा' पुटपुटत वेशीकडं निघाली. मी मागोमाग. मखर तेवढं सुपात मावणारं नव्हतं. ते मी गाडीच्या डिकीत घालून पुण्याला नेलं, सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर दोन हेलपाटे घातले, तेव्हा कुठं घेतलं.

मधली खोली मात्र छान निघाली. खिडकीखाली मशीन बसलं, भिंतीला टेपा लटकल्या. संक्रांतीला गेले तेव्हा कोपऱ्यात ब्लाऊजच्या कापांनी अर्धं भरलेलं पोतं उभं होतं. मी त्याच्याकडं बघितलेलं काकीनं बघितलं.

"हात लावू नगंस त्याला," ती म्हणाली. "भरलं की वाकळ घालायची हाय."