गिरणीतल्या बायका, बोस्टनची मुलं

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक चमत्कारिक पंडुरोग होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, आणि ज्या असायच्या त्या फुगलेल्या. विल्सबाईंना अखेर त्यावर उतारा सापडला तो मार्माइटमध्ये, म्हणजे इंग्रज पावाला फासून खातात त्या यीस्टच्या काळ्या, खारट अर्कात. त्यातलं नेमकं काय लागू पडतं, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

ते होतं फोलेट, ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व. १९४१ मध्ये अमेरिकेत ढीगभर पालक पिळून त्याचं एक रूप, फोलिक ॲसिड, वेगळं काढलं गेलं. पुढे लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाच्या चमूने ते कृत्रिमरीत्या तयार केलं.

आता खरी गंमत. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. रक्ताचा तीव्र कर्करोग झालेलं मूल तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावायचं. जे जीवनसत्त्व बिघडलेलं रक्त सुधारतं, ते इथेही चालेल, असं फार्बरना वाटलं. त्यांनी फोलिक ॲसिडच्या जातीची संयुगं देऊन पाहिली, तर कर्करोगाच्या पेशी उलट जोमाने वाढल्यासारख्या दिसल्या.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. फार्बरनी प्रश्नच उलटा केला: हेच या पेशींचं खाद्य असेल, तर ते तोडता येईल का? प्रयोगशाळेतलं संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत न्यायचं, असं आपण म्हणतो. इथे खाटेवरचं अपयश प्रयोगशाळेकडे परत गेलं, आणि मला तरी तो उलटा प्रवासच जास्त मोलाचा वाटतो.

सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत फोलिक ॲसिडचे तोतये तयार होत होतेच. फोलिक ॲसिडच्या एका रेणूत ५१ अणू. त्यातल्या एका कोपऱ्यातली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी काढायची आणि तिथे एक नायट्रोजन व दोन हायड्रोजन बसवायचे. झालं अमिनोप्टेरिन! बदल एवढासाच, पण फोलेट वापरात आणणारं पेशीतलं विकर फसतं. कुलपात किल्ली मोडून अडकावी तसा हा तोतया त्यात घट्ट रुतून बसतो. मग डीएनए घडवायला लागणारा माल तयार होत नाही आणि सारख्या दुभंगणाऱ्या पेशी उपाशी मरतात. केसांची मुळं, तोंडाच्या आतली त्वचाही अशीच भराभर वाढणारी. केमो चालू असलेल्या मुलांचे केस जातात, तोंड येतं, ते म्हणूनच.

जून १९४८ मध्ये फार्बरनी निष्कर्ष छापले: १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा. ती टिकली नाही, रोग उलटला. पण या रोगाला औषधाने मागे हटवता येतं, हे पहिल्यांदाच दिसलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, अवघ्या ५३ व्या वर्षी.

पुढच्या डॉक्टरांनी एकाऐवजी अनेक औषधांची सांगड घातली आणि उपचार दोन-तीन वर्षं लांबवले. आज श्रीमंत देशांत बालपणीच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातून दहातली सुमारे नऊ मुलं वाचतात. अमिनोप्टेरिनचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट त्यात अजूनही आहे. उपचाराच्या शेवटच्या टप्प्यात त्याच्या गोळ्या घ्यायच्या त्या आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्या तर जिवावर बेतेल.

मुंबईत हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय आहे. तिथे लांबलांबून मुलं घेऊन येणाऱ्या आईबापांना औषधाइतकीच गरज असते राहायच्या जागेची, जेवणाची, परतीच्या तिकिटाची. उपचार अर्धवट सुटले तर रोग पुन्हा डोकं वर काढतो. त्यामुळे सेंट ज्यूड इंडियासारख्या संस्था या कुटुंबांना फुकट निवारा देतात, तो उपचाराचाच भाग मानायला हवा.

आणि फोलेट? तेही परतलं आहे. काही मुलांना मेथोट्रेक्सेटचा प्रचंड डोस सलाईनमधून देतात, निरोगी पेशींनाही सोसवणार नाही इतका. मग ठरलेल्या तासाला फोलिनिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच एक रूप, टोचून त्या पेशींना वाचवतात. ते फार लवकर दिलं तर कर्करोगाच्या पेशीही निसटतात, उशीर झाला तर मुलाला विषबाधा होते. म्हणून पुन्हा पुन्हा रक्त काढून औषधाची पातळी मोजत राहतात आणि ती पुरेशी खाली येईपर्यंत फोलिनिक ॲसिड थांबवत नाहीत.