टर्मिनलमधील आदान-अवरोध
टर्मिनलमधील आदान-अवरोध : लेखी आज्ञा देऊन संगणक चालविण्याच्या खिडकीत कळा दाबूनही काहीच उमटेनासे होणे, या स्थितीस आदान-अवरोध म्हणता येईल. कळफलक बिघडला असे समजून अशा वेळी खिडकी बंद करण्याकडे कल असतो. परंतु युनिक्स व लिनक्स प्रणालींत खिडकी बंद होताच तीत चालू असलेल्या कार्यक्रमास समाप्तीचा संकेत जातो आणि जतन न केलेले काम बहुधा नष्ट होते. म्हणून प्रथम कारण शोधणे हिताचे असते. दुसऱ्या खिडकीत अक्षरे उमटत असतील, तर कळफलक निर्दोष असून दोष त्या टर्मिनलपुरताच आहे असे समजावे.

सर्वांत फसवे कारण म्हणजे कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबल्या जाणे. या संकेताचे मूळ १९६३ सालच्या टेलिटाइप मॉडेल ३३ या दूरमुद्रकात आढळते. त्याचा वेग सेकंदास १० अक्षरे एवढाच असे. त्याचा कागदी फीत वाचणारा भाग दूरवरून थांबविण्यासाठी आस्की संकेतावलीतील १९ क्रमांकाचे, तर पुन्हा सुरू करण्यासाठी १७ क्रमांकाचे चिन्ह वापरीत. हीच चिन्हे आज अनुक्रमे कंट्रोल-एस व कंट्रोल-क्यू यांनी पाठविली जातात. कंट्रोल-एसने केवळ पडद्याकडे जाणारा मजकूर थांबतो. दाबलेली अक्षरे मात्र साठत राहतात. त्यामुळे त्रासून वाटेल त्या कळा दाबल्यास कंट्रोल-क्यूनंतर त्या सर्व आज्ञा म्हणून अमलात येऊ शकतात. ही सोय नको असल्यास ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ या आज्ञेने ती बंद करता येते.

दुसरे कारण म्हणजे टाइप केलेले अक्षर पडद्यावर दाखविण्याची क्रिया, म्हणजे प्रतिध्वनी, बंद असणे. परवलीचा शब्द विचारताना ती हेतुपुरस्सर बंद ठेवतात. परंतु एखादा कार्यक्रम मध्येच कोसळल्यास ती तशीच बंद राहते. अशा वेळी कंट्रोल-जे दाबून, ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा न दिसताही टाइप करावी व पुन्हा कंट्रोल-जे दाबावे. एंटर कळेचा अर्थही बिघडलेला असू शकतो, म्हणून कंट्रोल-जे वापरणे इष्ट ठरते.

चालू कार्यक्रम दीर्घ कामात गुंतलेला असल्यास आज्ञा वाचणारा शेल हा कार्यक्रम त्याच्या समाप्तीची वाट पाहत असतो. कंट्रोल-झेडने ते काम तात्पुरते स्थगित होते व ‘एफजी’ या आज्ञेने पुढे चालू करता येते. कंट्रोल-सीने ते सहसा संपुष्टात येते. म्हणून कंट्रोल-झेड आधी वापरून पाहावे. एसएसएच पद्धतीने जोडलेल्या दूरच्या संगणकाशी संपर्क तुटला असल्यास एंटर, तरंगचिन्ह (~) व पूर्णविराम या कळा क्रमाने दाबल्या असता जोडणी बंद होऊन स्थानिक शेल परत मिळतो.

विंडोज प्रणालीच्या जुन्या कन्सोल-खिडकीत माउसने मजकूर निवडला गेल्यास पडद्यावरील मजकूर थांबतो. एस्केप कळेने निवड रद्द होते व काम पूर्ववत सुरू होते.