उन्हात सुनेची नाडी धावते, सासूची का नाही?

मे महिना. मूल तालुक्यातलं एखादं गाव. पहाटे जंगलातून तोडून आणलेला तेंदूपत्ता अंगणात पसरलाय आणि अख्खं घर पुडे बांधायला बसलंय. पारा ४५ अंशांकडे निघालाय.

समजा, या घरातल्या तिघांची नाडी तुम्ही मोजली. १० वर्षांचा नातू, मिनिटाला ११०. २८ वर्षांची सून, १०४. ६८ वर्षांची आजी, फक्त ८४.

आकडे बघून वाटेल की आजीचीच तब्येत सगळ्यात ठणठणीत. पण पाणी आणायला उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती आजीच्या. असं का होतं?

हृदयाचा वेग कोण ठरवतं?

हृदयाच्या उजव्या कर्णिकेत पेशींचा एक पुंजका असतो. तो स्वतःच ठोके सुरू करतो. मज्जासंस्था त्यावर दोन बाजूंनी ताबा ठेवते. सिम्पथेटिक मज्जातंतू म्हणजे ॲक्सिलरेटर. मेंदूपासून निघणारी व्हेगस नस म्हणजे ब्रेक. यातलं काहीही आपल्या इच्छेने चालत नाही, म्हणून या व्यवस्थेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात.

औषध देऊन दोन्हींचा अंमल थांबवला, तर २० वर्षांच्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण १०५ ठोके देतं. म्हणजे निवांत बसल्यावर आपली नाडी ७०च्या आसपास असते, ती ब्रेक सतत दाबलेला असतो म्हणून.

वय वाढलं की काय बदलतं?

लहान मुलांचं हृदय छोटं असतं, त्यामुळे त्यांची नाडी मुळातच जलद असते. नवजात बाळाची १२० ते १६० असू शकते.

म्हातारपणी दोन गोष्टी एकदम होतात. हृदयाची स्वतःची लय मंदावते. साठीत ती ८०-८५ वर येते. त्याच वेळी ब्रेकही सैल पडतो. त्यामुळे निवांत बसल्यावर आजीची नाडी ७२ आणि सुनेचीही ७२ दिसू शकते. आकडा सारखा, पण आजीच्या हृदयाकडे वेग वाढवायला जागा कमी उरलेली असते. ॲक्सिलरेटर दाबला जातो, पण हृदय त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही. २२० मधून वय वजा करा, हा नाडीच्या कमाल वेगाचा ढोबळ अंदाज. सुनेसाठी १९२, आजीसाठी १५२.

आता उठून उभं राहण्याचं बघा. उभं राहिलं की अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमधले दाब ओळखणारे मज्जातंतू लगेच मेंदूला कळवतात. मग नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. वयानुसार धमन्या ताठर होतात आणि ही यंत्रणा सुस्तावते. उन्हाने रक्त आधीच त्वचेकडे वळलेलं, घामाने पाणी गेलेलं, त्यात म्हातारपणी तहानही कमी लागते. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि अंधारी येते.

बाई आणि पुरुष यांच्यात फरक का?

बाईचं हृदय सरासरी लहान असतं, एका ठोक्यात थोडं कमी रक्त फेकतं. म्हणून तिची नाडी पुरुषापेक्षा काही ठोक्यांनी जास्त असते. गंमत म्हणजे तरुण बाईचा व्हेगसचा ब्रेक सरासरी पुरुषापेक्षा जोरदार असतो. तिच्या रक्तवाहिन्या मात्र तितक्या पटकन आवळत नाहीत. त्यामुळे रक्तदाब कमी राहतो, पण बराच वेळ उभं राहिल्यावर चक्कर येण्याचं प्रमाणही बायकांत जास्त.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि सिम्पथेटिक मज्जातंतूंचा जोर वाढतो. पन्नाशीनंतर अनेक बायकांचा रक्तदाब चढण्यामागचं हे एक कारण आहे.

मग काळजी कधी करायची?

बाईची नाडी सतत १००च्या वर असेल, तर "टेन्शन घेते" म्हणून सोडून देऊ नका. रक्त कमी असलं की शरीराला ऑक्सिजन पोचवायला हृदय जास्त धावतं. चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेलही आढळतो. हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि थायरॉइड तपासून घ्या.

आजीचा रक्तदाब आधी बसून, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाने हेच मज्जातंतू खराब होऊ शकतात. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही उठताना दाब उतरतो. बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी आणखी संथ दिसते. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

उन्हात बसून काम केल्यावर एकदम उठू नये. आधी पाणी प्यावं, पोटऱ्या हलवाव्यात, मग आधार घेऊन उभं राहावं. अंधारी आली तर तिथेच आडवं व्हावं आणि पाय उंचावर ठेवावेत. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

आणि अशा वेळी आजीची नाडी ८४ आहे, म्हणून निर्धास्त राहू नका.