मोठ्या कंपनीतील नोकरी : नोकरदारांची मते कशी वाचावीत?

मागील महिन्यात आमच्या मोहल्ल्यातील एक मुलगा दुकानावर आला. हैदराबादला एका मोठ्या संगणक कंपनीत काम मिळत होते, आणि त्याने तेथे काम केलेल्या लोकांची मते गोळा करून आणली होती. निम्मे म्हणतात, अशी नोकरी नशिबाने मिळते. निम्मे म्हणतात, चुकूनही येऊ नकोस. "चाचा, खरे कोण?" असा त्याचा प्रश्न होता. आम्ही कापडाचे व्यापारी, संगणकातले आम्हाला फार कळत नाही. परंतु नोकर-मालकाचा व्यवहार तीस वर्षे पाहिला आहे. म्हणून मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचे उदाहरण घेऊन हा विषय समजावून सांगतो.

या कंपनीत पूर्वी नोकरदारांना प्रतवारी लावण्याची एक पद्धत होती. समजा एका खात्यात दहा माणसे आहेत. दहाही जण हुशार, दहाही जणांनी मन लावून काम केले. तरीही त्यातील दोघांना उत्तम, सात जणांना मध्यम आणि एकाला वाईट ठरवायचेच, असा दंडक. बोनस, बढती, नोकरी टिकणे, सारे या प्रतीवर. याचा परिणाम काय झाला असेल, हे वाचकांनीच विचार करून पाहावे. चांगला कारागीर दुसऱ्या चांगल्या कारागिराच्या खात्यात जाईनासा झाला, कारण तेथे आपली प्रत घसरण्याची भीती. शेजाऱ्याला माहिती द्यायची, पण तो आपल्या पुढे जाणार नाही इतपतच द्यायची. बाजारातील दुसऱ्या कंपन्यांशी लढायचे सोडून लोक आपसात लढू लागले.

हे आम्हाला लगेच पटले, कारण हाच मूर्खपणा आम्ही स्वतः केलेला आहे. एका लग्नसराईत आम्ही जाहीर केले की, ज्या सेल्समनची विक्री सर्वांत जास्त त्याला वेगळा बोनस. आठ दिवसांत दुकानाची दशा पाहण्यासारखी झाली. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकासाठी वरच्या फळीवरचे ठाण कोणी काढून देईना. एका बहाद्दराने चांगल्या साड्यांचा गठ्ठा स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी गादीखाली दडवून ठेवला. विक्री वाढली नाही, भांडणे वाढली. शेवटी तो बोनस बंद करून दुकानाच्या एकूण विक्रीवर सर्वांना हिस्सा दिला, तेव्हा कोठे फळीवरची ठाणे पुन्हा खाली येऊ लागली.

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत ही गोष्ट चव्हाट्यावर आली ती २०१२ साली. अमेरिकेतील 'व्हॅनिटी फेअर' मासिकात कर्ट आयकेनवाल्ड या पत्रकाराचा मोठा लेख आला. त्याने ज्या आजी-माजी नोकरदारांच्या मुलाखती घेतल्या, त्या सर्वांनी कंपनीचे सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणून याच प्रतवारीकडे बोट दाखविले. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ती पद्धत रद्द केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नाडेला प्रमुख झाले. ते मूळचे हैदराबादचे, आणि १९९२ पासून याच कंपनीत नोकरीस होते. एकमेकांना मदत करणे हाही कामाचा भाग धरला जाऊ लागला. म्हणजे २०१२ सालच्या माणसाची तक्रार खरी होती. पण २०१६ साली लागलेल्या माणसाला ती लागू पडत नव्हती. मत कोणत्या सालचे आहे, हे आधी पाहावे ते यासाठी.

नव्या कारभारात सर्व गोडच आहे असेही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये नाडेला यांनी एका सभेत स्त्रियांनी पगारवाढ मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवावा, असे सांगितले. ओरड होताच त्याच दिवशी चूक कबूल केली. जानेवारी २०२३ मध्ये दहा हजार लोकांना कमी करण्याचे जाहीर झाले आणि मे महिन्यात पगारदारांना त्या वर्षी वाढ नाही असे कळविले गेले. त्या आर्थिक वर्षाचा निव्वळ नफा ७२ अब्ज डॉलर होता! २०२५ साली मे महिन्यात सुमारे सहा हजार व जुलैमध्ये सुमारे नऊ हजार नोकऱ्या गेल्या. धंदा मंदा असताना माणूस कमी केला तर नोकर समजून घेतो. गल्ला भरलेला असताना केला, तर जो राहिला त्याच्याही मनातून मालक उतरतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकाच इमारतीत बसणारे सर्व जण एकाच कंपनीचे नोकर नसतात. मायक्रोसॉफ्टमध्ये कायम नोकरदारांचा बिल्ला निळा आणि कंत्राटी लोकांचा नारिंगी असे. काम एकच, टेबल शेजारी, परंतु कायम नोकरदाराला कंपनीचे शेअर सवलतीत मिळत, नारिंगी बिल्लेवाल्याला नाही. वर्षानुवर्षे असे काम केलेल्या लोकांनी १९९२ साली दावा लावला. आठ वर्षांनी, २००० साली, कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तो मिटविला. तेव्हा एक स्तुती करतो व दुसरा शिव्या देतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात. बिल्ल्याचा रंग विचारावा.

त्या मुलाला आम्ही म्हटले, मते राहू दे, तुझे पत्र दाखव. त्याने पिशवीतून काढून दिले. आम्ही चष्मा लावून पाहिले तर माथ्यावर त्या मोठ्या कंपनीचे नाव नव्हतेच. माणसे पुरविणाऱ्या एका तिसऱ्याच कंपनीचे होते, आणि मुदत अकरा महिन्यांची. हे त्याने घरी सांगितले नव्हते, कारण त्याने स्वतःच पगाराच्या ओळीपुढे वाचले नव्हते. पत्र घेऊन तो वडिलांकडे गेला आहे.