नागली पोटात जाते, पण अंगी लागते का?

‘डॉक्टर, घरात नागली आहे, पालेभाजी आहे, तरी रक्त कमी कसे?’ असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

याचे एक उत्तर असे की, अन्नात घटक असणे वेगळे आणि तो अंगी लागणे वेगळे.

सोहोनीबाईंचे संशोधन

हा फरक प्रयोगशाळेत तपासणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. ते म्हणजे डॉ. कमला सोहोनी, दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, मुलगी म्हणून, सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. बाईंनी आग्रह धरून तो मिळविला. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्ये, नीरा, पामगूळ अशा गोरगरिबांच्या अन्नाचा अभ्यास केला. कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात, पण प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिनला अडविणारे पदार्थही त्यांतच असतात. त्यांचा शोध बाईंच्या गटाने घेतला. कडधान्य नीट शिजविले की हा अडसर बराचसा दूर होतो.

नागलीतील अडसर

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत पिकणारी नागली, म्हणजेच नाचणी, गुणांनी श्रीमंत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. सडलेल्या तांदळात कॅल्शियम १० मिलिग्रॅमदेखील नसते.

परंतु नागलीत फायटिक आम्ल आणि टॅनिनही असते. हे पदार्थ लोह, जस्त व कॅल्शियम यांना धरून ठेवतात. त्यामुळे तक्त्यात दिसणारे सारेच लोह रक्तात उतरत नाही. बाजरी, गहू, ज्वारी यांच्यातही फायटिक आम्ल असतेच.

यावरचा उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. धान्य भिजवून मोड आणले की दाण्यातील फायटेज हे विकर जागे होते आणि फायटिक आम्ल फोडू लागते. पीठ आंबविले की लॅक्टिक आम्ल तयार होते आणि त्या आंबटपणात हे काम अधिक सुकर होते. अडसर सगळा जात नाही, पण कमी होतो.

घरी काय करावे?

• आंबील : दोन चमचे नागलीचे पीठ अर्धी वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी उकळत्या पाण्यात घालून, ढवळत आठ-दहा मिनिटे शिजवावे. मीठ, जिरे, लसूण घालून प्यावे.

• मोडाचे पीठ : नागली रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात दिवसभर बांधावी. मोड आल्यावर वाळवून, मंद भाजून दळावी. सहा महिन्यांवरील बाळाला या पिठाची नीट शिजविलेली पेज वरच्या अन्नात देता येते.

• जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असावा. ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर आणि लगेच नंतर चहा टाळावा.

• उन्हाळ्यात पीठ लवकर आंबते. बुरशी किंवा कुबट वास आला तर ते फेकून द्यावे.

मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की आंबील हेही धान्यच आहे. ती भाकरीच्या जोडीला नव्हे, भाकरीऐवजी घ्यावी. नागलीची बिस्किटे घेताना पुडक्यावरील घटक वाचावेत. पुष्कळदा त्यांत मैदा आणि साखरच अधिक असते.

एक सावधगिरी मात्र हवी. धाप लागणे, सतत थकवा, फिकटपणा जाणवत असेल, तर केवळ आंबिलीवर विसंबू नये. रक्त तपासून घ्यावे. गरोदर स्त्रियांनी लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. गोळी औषधाचे काम करील आणि आंबील रोजच्या अन्नाचे. दोन्ही आपापल्या जागी हवीत.