नवा फ्रिज आणि खानदेशी ऊन
पहूरसारख्या जामनेर तालुक्यातल्या गावात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून मागे चार बोटं तरी जागा सोडा. आडवा आणला असेल तर उभा करून काही तास थांबा. कंप्रेसरमधलं तेल जागेवर येऊ द्या. तीन पिनांचा प्लग थेट सॉकेटमध्येच लावा.

अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासूनच घ्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी ओतायलाच हवं. दाराला हात लावताच झिणझिण्या आल्या तर लगेच मेन स्विच बंद करा. अनेक नव्या फ्रिजांत आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो, नळीला भोक पडलं तर तो गळतो, तेव्हा बर्फ सुरीने कधीच खरवडू नका.